एच की सी-एच? हिब्रू सणांचं इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवावं का

कॅटलॉगवाली
न्यू जर्सीत सार्वजनिक वाचनालयात कॅटलॉगचं काम करते. नोव्हेंबर उजाडला, हनुक्का हा ज्यूंचा सण जवळ आला, की काउंटरवर ठरलेली तक्रार: "पोरांसाठी हनुक्काची पुस्तकं शोधतोय, दोनच दिसतायत." दिसणार कशी? माणसानं सुरुवात केलीय सी-एचनं, पुस्तकावर छापलंय एच आणि मध्ये डबल के. तिसरा एकच के लिहितो, चौथा शेवटचा एच खातो.

माझं मत: एच आणि डबल के, हेच ठरवून टाका. असोसिएटेड प्रेसच्या बातम्यांत तेच असतं, अमेरिकेच्या १९९६ च्या टपाल तिकिटावर तेच. डबल के हौस म्हणून आलेला नाही. हिब्रूत तिथल्या काफ अक्षराच्या पोटात टिंब असतं, आणि जुन्या व्याकरणात ते टिंब म्हणजे द्वित्त. शेवटचा एच म्हणजे 'हे' हे अक्षर. उच्चारत नाहीत, पण लिहितात.

मुक्काम_शिकागो
साफ असहमत. हिब्रूत हनुक्काचं पहिलं अक्षर 'हेत'. आमच्या शेजारचे आजोबा ते घशातून असं खरवडून काढतात की समोरच्यानं पाणी विचारावं. नुसता एच लिहिलात की सगळं गुळगुळीत. सी-एच ही वाचणाऱ्याला दिलेली सूचना आहे, जर्मन संगीतकार बाखच्या नावात आहे तशी. खबाद या ज्यू धार्मिक पंथाचे लोक आजही सी-एचच छापतात. स्पॅनिशमध्ये तर जे लिहितात, कारण त्यांचा जे घशातून येतो.

आणि एकदा 'एकच' म्हटलं की थांबणार कुठे? पूर्व युरोपातून आलेली ज्यू घरं मांडवांच्या सणाला सुक्कोस, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला शब्बोस म्हणतात. त्यांना सुक्कोत, शब्बात लिहायला लावणार?

डबल_के
सूचना कोणाला पोचते? आमच्या ऑफिसात सी-एचवालं शुभेच्छापत्र आलं की निम्मी मंडळी 'चनुका' वाचतात. (आठ रात्रींचा सण म्हणून आठ अक्षरी स्पेलिंग बरोबर, असंही कोणी सांगतं. दोन्ही स्पेलिंगं मोजा. दोन्ही आठच भरतात.)

टिंबाचा_कैवारी
शिकागोकर, तुमच्या आजोबांचा उच्चार खरा, पण तो सगळ्या ज्यूंचा नाही. हिब्रूत दोन वेगळी अक्षरं आहेत, हेत आणि खाफ (पोटात टिंब नसलेलं काफ). अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, तोंडी दोन्ही एकच झाली. येमेनी आणि इराकी परंपरेत आजही वेगळी: खाफ आपल्या उर्दू 'खबर'मधल्या ख सारखं, आणि हेत त्याहून खोल, पण ह च्या जातीचं. अरबीतही हे दोन ध्वनी असेच वेगळे आहेत. म्हणून पंडितांनी हेतसाठी एच घेतला आणि त्याच्याखाली टिंब दिलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत आजही तीच. रोजच्या छपाईत ते टिंब गळलं आणि एच उघडा पडला. चूक असेल तर छापखान्याची, एचची नव्हे.

इस्राएलमधली हैफा आणि होलोन ही शहरं दोन्ही हेतनंच सुरू होतात. तिथे सी-एच लिहिलेलं कितीदा पाहिलंत?

अलिबागची_लेक
बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातून लिहितेय. आमच्या आजीच्या तोंडी रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, सुक्कोत म्हणजे खिरीचा सण. त्या जुन्या यादीत हनुक्का नाहीच; आमच्याकडे तो पुष्कळ नंतर आला. त्यामुळे एच-सीएचची भांडणं ऐकताना मला दुसऱ्यांच्या लग्नातला मानपान बघितल्यासारखं वाटतं.

तरी मत द्यायचं तर एकसाचीकरणाच्या विरोधात. आमच्याकडच्या निमंत्रणपत्रिका काढून बघा, एकाच सिनेगॉगच्या, त्यात सणाची तीन-तीन स्पेलिंगं सापडतील, आणि लोक वेळेवर येतात. इस्राएलमधले रस्त्यावरचे फलक तरी कुठे एकसारखे आहेत? पेताह तिक्वा या शहराचं नाव कुठे केनं, कुठे क्यूनं.

कॅटलॉगवाली
पत्रिकेवर काय लिहाल ते लिहा हो, मी कोणाच्या घरात येत नाहीये. पण पत्रिका ज्याला पाठवता त्याला सण आधीच माहीत असतो. कॅटलॉगमध्ये शोधणाऱ्याला तो माहीत नसतो, म्हणून तर तो शोधतो. नोंदीला मुख्य नाव एकच लागतं. बाकीची स्पेलिंगं 'हे पाहा' म्हणून त्याला जोडता येतात; व्यवस्थित जोडली तर सी-एचवालाही योग्य पुस्तकापाशी पोचतो. आमच्याकडे ती अर्धवट जोडलेली आहेत, हे खरं दुखणं.

मुक्काम_शिकागो
ठीक, हनुक्का घ्या तुम्हाला. आता पेसाखचं, म्हणजे पासओव्हर सणाचं, सांगा. तिथे हेत शेवटी येतं. तुमच्या नियमानं शेवटी एच लिहायचा. म्हणजे हनुक्काच्या शेवटी एच मुका आणि पेसाखच्या शेवटी तोच एच बोलका? अमेरिकन माणूस 'पेसा' म्हणून मोकळा होईल.

टिंबाचा_कैवारी
म्हणूनच म्हणतो, टिंब परत आणा.

डबल_के
टिंब कीबोर्डवर कुठे आहे ते सांगा आधी.

कॅटलॉगवाली
पेसाखचा मुद्दा बिनतोड आहे, शिकागोकर. आमच्याकडे त्याचं मुख्य नाव 'पासओव्हर' लावलेलं आहे, म्हणून आजवर त्यात हात घालावा लागला नाही. पण तुमच्यासाठी हनुक्काचा एच काही सोडणार नाही.