मदत हवी आहे: गल्लीत सिमेंट रस्ता मंजूर झालाय, घर रस्त्यापेक्षा खाली राहू नये म्हणून आधी काय करायचं?

मानेवाडा_गल्ली:
नागपूर, हनुमाननगर झोन, मानेवाडा रोडच्या आतली गल्ली. डांबरी रस्त्याच्या जागी सिमेंटचा मंजूर आहे, काम लागायचं आहे. गल्ली 9 मीटर, त्यात डांबर 6 मीटर. फाटकाजवळ अंगण रस्त्याच्या कडेपेक्षा 12 सेंमी वर, घराचं जोतं अंगणापासून 45 सेंमी. पावसाळी नाली नाही, गडर लाइन (सांडपाण्याची) रस्त्याच्या मधून जाते. रस्ता किती वर येईल? अर्ज कोणाकडे, त्यात नेमकं काय मागायचं?

लेव्हलनळी:
मंजुरीत "सिमेंट रस्ता" एवढंच दिसतं. खरी गोष्ट खोदकाम किती धरलंय ही. गल्लीच्या रस्त्याला समजा खाली 10 सेंमी डीएलसी, म्हणजे कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, आणि वर 20 सेंमी पीक्यूसी, म्हणजे रस्त्याचं पक्कं काँक्रीट धरलं. झाले 30. डांबर 5 सेंमी खरवडून त्यावरच टाकलं तर रस्ता 25 ने वर येईल आणि तुमचं अंगण कडेपेक्षा 13 ने खाली जाईल. पुरते 30 काढले तर आहे तिथेच राहील. शिवाय मधून कडेला 2 टक्के उतार म्हणजे 3 मीटरला 6 सेंमी. कोणी "रस्ता फक्त 20 ने वर येतो" म्हटलं तर आधी विचारा, मधला की कडेचा?

खोदकाम का टाळतात, तेही सांगतो. आपल्याकडे डांबर-मुरमाखाली काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून ती काढून मुरूम किंवा खडी दाबून भरावी लागते. म्हणजे 30 नाही, त्याहून जास्त खोदणं आलं. त्यातच नळाच्या लाइनी उथळ असतात, त्या फुटायची भीती. मलबा वाहून न्यायचा खर्च वेगळा. अंदाजपत्रकात खोदकामाची बाब किती घनमीटर आहे ते बघा आणि त्याला रस्त्याच्या लांबी-रुंदीने भागा. सरासरी खोली समजते. हा एक भागाकार दहा आश्वासनांपेक्षा कामाचा.

आवक_जावक:
अर्ज झोनच्या लोककर्म विभागाच्या उपअभियंत्याला, प्रत कार्यकारी अभियंत्याला. त्याआधी रस्ता महापालिकेचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), याची खात्री करून घ्या. लेआउट कोणाच्या ताब्यात यावर ते ठरतं, आणि चुकीच्या दारात महिना जातो. कामाच्या फलकावर यंत्रणेचं नाव असतं, पण फलक लागेपर्यंत थांबू नका.

"रस्ता उंच करू नये" असं मोघम लिहू नका, त्यावर "नोंद घेतली" एवढंच उत्तर येतं. हे मागा: रस्त्याचा एल-सेक्शन (लांबीभरच्या लेव्हलचा नकाशा), त्यात जुनी आणि नवी लेव्हल दोन्ही, अंदाजपत्रक आणि कार्यादेशाची प्रत, पावसाच्या पाण्याची सोय कुठून कुठे, दोष दायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, किती. आवक शिक्का आणि क्रमांक आपल्या प्रतीवर घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, पण उत्तराला 30 दिवस. काम पंधरा दिवसांत लागणार असेल तर तो उपयोगाचा नाही, पुढच्या बिलाच्या वेळी कामाचा. मात्र त्यात कामाची पाहणी आणि साहित्याचे नमुनेही मागता येतात, हे बरेच जण विसरतात.

बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. काम ज्याच्या निधीतून, त्यालाच लोक भेटतात. प्रत चौघांनाही द्या, आणि सह्या गल्लीच्या दोन्ही टोकांच्या घरांच्या घ्या. उंच टोकाच्या लोकांना त्रासच नसतो, ते नंतर म्हणतात रस्ता छान झाला.

चेंबर_सांभाळा:
लेव्हलवर सगळे बोलतात, गडरवर कोणी नाही. काँक्रीट टाकताना मधल्या चेंबरची झाकणं नव्या लेव्हलला उचलावी लागतात. राहिली तर काँक्रीटखाली गाडली जातात, आणि पुढे लाइन चोक झाली की चेंबर शोधायला ब्रेकर लावा! आत्ताच प्रत्येक झाकणाच्या मध्यापासून जवळच्या दोन कंपाउंडच्या कोपऱ्यांपर्यंत टेपने अंतर घ्या, फोटो काढा. दोन मापं असली की जागा सापडते.

तुमच्या घरापासून मधल्या लाइनला जाणारा पाइप जुना चिनीमातीचा असेल तर तो याच वेळी बदलून घ्या. सांधे मुळांनी उघडतात. 110 मिमीच्या पीव्हीसीला उतार 40 ला 1, म्हणजे 4 मीटरला 10 सेंमी. सोबत एक 110 मिमीचा रिकामा पाइप आडवा टाकून दोन्ही टोकं झाकून ठेवा. उद्या केबल किंवा नळ न्यायचा तर नवा रस्ता फोडायला परवानगी आणि भरपाईचे पैसे, दोन्ही लागतात.

मानेवाडा_गल्ली:
धन्यवाद. समजा तरीही रस्ता वर आलाच तर? आणि माझी मापं टेपने घेतलेली आहेत, चालतील काय?

लेव्हलनळी:
नाही चालणार. गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, 15 मीटर. पाणी भरताना बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून एका टोकाने हळू भरा आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतं का ते आधी पाहा. खूण जोत्यावर करा, फाटकाच्या खांबावर नको. फाटक बदललं जातं. लाल ऑइलपेंटची बारीक रेघ, बाजूला तारीख. त्या रेघेपासून रस्त्याची कड, मध आणि जवळचं झाकण किती खाली ते लिहा. फोटोत टेपचे आकडे दिसले पाहिजेत.

चेंबर_सांभाळा:
वर आलाच तर अंगणाचं पाणी गडरमध्ये सोडू नका, ही चूक अर्धी गल्ली करते. जोराच्या पावसात लाइन भरते आणि पाणी उलटं बाथरूमच्या जाळीतून येतं. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी उलटं येत नाही. त्याची झडप मे महिन्यात साफ केली नाही तर केस-कापडाने अर्धी उघडीच राहते. अंगणाला कोपऱ्यात 60 सेंमी चौकोनी खड्डा, त्यात छोटा सबमर्सिबल पंप. 40 चौ. मीटर अंगणावर तासाला 50 मिमी पाऊस म्हणजे 2,000 लिटर, अर्ध्या एचपीला सहज झेपतं. पण लाइट गेली की पंप बंद, म्हणून फाटकात 10 सेंमीचा उंबरा हवाच, दोन्ही बाजूंनी उतार देऊन.

आणि फाटकासमोर मलबा टाकून रॅम्प करू नका. पावसाळी नाली झाली तर तिचं तोंड तिथेच असतं. लोखंडी जाळीचा रॅम्प करा, उचलता येईल असा.

आवक_जावक:
काम लागलं की काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी लोखंडी फॉर्म, म्हणजे कडेचे साचे लावतात. फॉर्मची वरची कड म्हणजेच रस्त्याची नवी कड. नळी आणि लाल रेघ घेऊन तेव्हाच मापा आणि फरक दिसला तर त्याच रात्री कनिष्ठ अभियंत्याला फोटो पाठवा. सकाळी गाडी रिकामी झाली की कोणी ऐकत नाही.