अनुभव धागा : वाद घालताना आपला स्वतःचा तर्क कुठे घसरला?

दोन महिन्यांपूर्वी प्राथमिक शाळेतील गृहपाठ या विषयावर माझा एका सदस्यांशी लांबलचक वाद झाला. त्यांचे वाक्य असे होते : "पहिली-दुसरीच्या मुलांना लेखी गृहपाठ देऊ नये." त्यावर मी लिहिले, "मुलांनी घरी अभ्यासच करू नये असे आपले म्हणणे दिसते. मग वाचनाची आणि पाढ्यांची सवय लागणार कशी?" पुढचे तीन परिच्छेद मी अभ्यासाच्या सवयीचे महत्त्व पटवून देण्यात घालवले आणि चार-पाच जणांनी माझ्या म्हणण्याला अनुमोदनही दिले. त्या सदस्यांचे उत्तर मात्र दोन ओळींचे होते : "मी 'पहिली-दुसरीच्या' आणि 'लेखी' असे शब्द लिहिले होते. आपल्या उत्तरात ते दोन्ही नाहीत."

मी वर जाऊन पाहिले. खरोखरच नव्हते. ते मी जाणूनबुजून गाळले असते तर स्वतःला लबाड ठरवून मोकळी झाले असते; पण वाचतानाच ते माझ्या नजरेतून निसटले होते आणि उरलेले वाक्य खोडून काढायला सोपे होते. समोरच्याचे बुजगावणे उभे करून त्याच्याशी लढणे हा दोष मला नावानिशी ठाऊक होता, तरीही तो माझ्या हातून घडला. तेव्हापासून उत्तर लिहिण्यापूर्वी मी समोरच्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेते आणि त्यातील 'काही', 'बहुधा', 'अमुक वयापर्यंत' अशा मर्यादा घालणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढते.

आपले अनुभव वाचायला आवडतील. इतरांच्या चुका आपण रोजच दाखवतो, म्हणून इथे शक्यतो स्वतःची चूक आणि ती कशी लक्षात आली, हे लिहावे.

पूर्वपक्ष

माझे शिक्षण संस्कृतचे आहे, त्यामुळे थोडे मागे जाऊन लिहितो. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्व जाणून घेण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करत राहणे ती वितंडा. तिथेच चर्चेत हार ठरवणारी 22 निग्रहस्थानेही दिली आहेत. त्यांतील 'मतानुज्ञा' हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते, पण त्याचा अर्थ कळायला एक भांडण व्हावे लागले.

एका चर्चेत मी दिलेला दाखला अर्धवट असल्याचे एकाने दाखवून दिले. मी लगेच त्यांचा जुना प्रतिसाद शोधून काढला आणि लिहिले, "आपणही गेल्या वेळी असाच अर्धवट दाखला दिला होता." मला ते बिनतोड वाटले. रात्री सहज आठवले की स्वतःवरचा आक्षेप न खोडता 'तुमच्याही पक्षात हाच दोष आहे' असे म्हणणे, म्हणजे आक्षेप मान्य करणे, हीच तर मतानुज्ञा! त्यांचा दाखला अर्धवट होता हे खरे, पण त्याने माझा पूर्ण होत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आधी माझा दाखला दुरुस्त केला, आणि त्यांच्या दाखल्याविषयी वेगळा प्रश्न वेगळ्या प्रतिसादात विचारला.

आणखी एक सवय लागली आहे. 'नवकंबल' म्हणजे नवे कांबळे की नऊ कांबळी, हे वाक्छलाचे शास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आहे. बोलणाऱ्याचा अर्थ 'नवे' असताना ऐकणारा 'नऊ' धरून विचारतो, "याच्याजवळ नऊ कुठे आहेत?" आपल्या चर्चांत 'नैसर्गिक' या शब्दाचे नेमके हेच होते. एका चर्चेत मी तो 'निसर्गात आढळणारे' अशा अर्थाने वापरत होतो, समोरचे 'शरीराला न बाधणारे' अशा अर्थाने, आणि चाळीसएक प्रतिसाद झाल्यावर कोणीतरी व्याख्या विचारली. व्याख्या ठरल्यावर मतभेदाचा मुद्दा एका वाक्याएवढा उरला.

सांजवारा

मी परिचारिका आहे. लसीकरणावरच्या एका चर्चेत एका आईने लिहिले की गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस दिल्यानंतर काही आठवड्यांत तिच्या मुलात स्वमग्नतेची लक्षणे दिसू लागली. मी उत्तर दिले, "मी वीस वर्षे या क्षेत्रात आहे, लसीचा याच्याशी काही संबंध नाही. अफवा पसरवू नका." निष्कर्ष बरोबर होता. युक्तिवाद मात्र माझ्या वीस वर्षांवर उभा होता, आणि त्या वर्षांत मी या प्रश्नाचा अभ्यास कधीच केला नव्हता. ती आई गप्प झाली. तिच्या बाजूने लिहिणारे दहा जण पुढे आले आणि त्यांना माझा उद्धटपणा हाच पुरावा म्हणून पुरला.

नंतर मी नीट वाचून पुन्हा लिहिले. ही शंका ज्या शोधनिबंधामुळे जगभर पसरली तो 1998 साली प्रसिद्ध झाला होता, त्यात केवळ 12 मुलांची नोंद होती आणि 2010 साली नियतकालिकाने तो मागे घेतला. पण त्या आईला याचा काय उपयोग? तिने तो निबंध वाचलेलाच नव्हता. तिने आपले मूल पाहिले होते. म्हणून मी क्रमाचा मुद्दा घेतला. या लसीचा पहिला डोस साधारण वर्षाच्या सुमारास देतात आणि पालकांच्या लक्षात येतील अशी स्वमग्नतेची लक्षणे बहुधा दुसऱ्या वर्षात ठळक होऊ लागतात. त्यामुळे लसीचा काहीही परिणाम नसला तरी असंख्य घरांत 'आधी लस, मग लक्षणे' हाच क्रम दिसणार. 'नंतर घडले' आणि 'त्यामुळे घडले' यांतला फरक करायचा तर लस न घेतलेल्या मुलांशी तुलना करावी लागते. डेन्मार्कमध्ये 5 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी घेऊन 2002 साली तशी तुलना प्रसिद्ध झाली आणि लस घेतलेल्या मुलांत धोका वाढलेला आढळला नाही.

तिचे उत्तर आले : "हे कोणी मला आधी का सांगितले नाही?" ते वाक्य मी विसरलेले नाही.

कोरा_कागद

संख्याशास्त्र शिकवतो. माझी चूक थोडक्यात सांगता येणार नाही, क्षमस्व.

प्रवेशांतील भेदभावावर चर्चा चालू असताना मी अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे 1973 सालचे आकडे दिले : पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 44 टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्के. एका सदस्येने लिहिले की विभागवार पाहिले तर बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध असा कल दिसत नाही, काहींत तर तो उलटा आहे. मी तिच्यावर "सोयीचे आकडे निवडता" असा आरोप केला. विश्लेषण काढून पाहिले तेव्हा तिचे म्हणणे बरोबर निघाले. स्त्रियांचे अर्ज मोठ्या प्रमाणात अशा विभागांकडे गेले होते जिथे मुळातच थोड्यांना प्रवेश मिळतो, म्हणून एकूण आकड्यात फरक दिसत होता. वर्गात सिम्प्सनचा विरोधाभास (एकूण आकड्यांत दिसणारा कल गटवार पाहिल्यावर नाहीसा होणे किंवा उलटणे) शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर लिहितो, पण मत आधीच ठरलेले होते तिथे ते मला आठवले नाही.

मी तिची माफी मागितली. मात्र त्यानंतर काहींनी "म्हणजे भेदभाव कुठेच नसतो हे सिद्ध झाले" असे लिहायला सुरुवात केली, आणि ती उडी माझ्याइतकीच चुकीची होती. एका विद्यापीठातील एका वर्षाच्या प्रवेशांवरून तेवढेच सांगता येते. स्त्रिया त्या ठरावीक विभागांकडेच का वळल्या, हा प्रश्न त्या आकड्यांच्या बाहेरचा आहे.

पायवाट

सांजवारा यांच्या प्रतिसादाला धरून एक वेगळा मुद्दा. तर्कदोषांची नावे शिकल्यावर वर्षभर मी ती दगडासारखी फेकली. कोणी काही लिहिले की "हा व्यक्तिगत हल्ला", "ही घसरगुंडी", एवढेच लिहून मी निघून जात असे. एकदा एका पूरक गोळीची भरभरून स्तुती करणाऱ्याला कोणीतरी विचारले, "आपण हीच गोळी विकता ना?" मी तिथेही व्यक्तिगत हल्ल्याचा शिक्का मारला. पण त्याची साक्ष हाच जिथे एकमेव पुरावा होता, तिथे त्याचा आर्थिक हितसंबंध विचारणे रास्तच होते. त्या हितसंबंधावरून गोळी निरुपयोगी ठरवली असती तर मात्र तो दोष झाला असता.

आता मी दोषाचे नाव लिहीत नाही. "आपल्या पहिल्या वाक्यावरून दुसरे कसे निघते ते मला समजले नाही" एवढेच विचारतो. निम्म्या वेळा समोरचा ते समजावून देतो आणि न समजण्याची चूक माझी निघते.

अर्धविराम

माझा दोष वीस मुद्द्यांचा. एकाच प्रतिसादात इतके आक्षेप टाकायचे की समोरच्याला सगळ्यांना उत्तर देणे अशक्य व्हावे, आणि सुटलेल्या दोन मुद्द्यांवर विजय घोषित करायचा. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या पुरस्कर्त्या युजीनी स्कॉट यांनी 1994 साली, असाच वाद घालणाऱ्या ड्वेन गिश यांच्यावरून, याला 'गिश गॅलप' असे नाव दिले होते, हे मला कोणीतरी वैतागून सांगितले. आता एका वेळी एकच मुद्दा लिहिते, आणि तो मला सर्वांत भक्कम वाटणारा असतो.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. पूर्वपक्ष यांचा प्रतिसाद वाचून मी गृहपाठाची ती जुनी चर्चा पुन्हा उघडली आणि त्या सदस्यांना लिहिले : "आपले म्हणणे मी माझ्या शब्दांत मांडते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी लिहून आणायचे काम देऊ नये. वाचन, गोष्टी आणि तोंडी पाढे यांना आपला विरोध नाही. बरोबर आहे का?"

आज सकाळी उत्तर आले : "बरोबर. फक्त 'लिहून आणायचे' याच्या आधी 'रोज' हा शब्द घाला, तो मीच लिहायला विसरलो होतो."