कॅलेथियाच्या पानांच्या कडा वाळत आहेत: पाणी वाढवावे का?

प्रश्न: माझ्याकडे गडद हिरव्या पानांवर गुलाबी रेषा असलेला कॅलेथिया ऑर्नाटा आहे. अलीकडे त्याच्या जुन्या पानांची टोके आणि कडा वाळून तपकिरी होत आहेत. थेट ऊन लागत नाही, वरची माती सुकली की नळाचे पाणी घालते आणि पानांवर रोज फवारणीही करते. पाणी कमी पडत असेल का?

उत्तर १: कृपया पाणी वाढवू नका, माझा संशय पाण्याच्या प्रमाणावर नसून त्यातील क्षारांवर आहे. मुळांनी घेतलेले पाणी पानांतून वाफ होऊन निघून जाते, पण त्यासोबत आलेले क्षार आणि फ्लोराइड टोकांशी व कडांना साचत राहतात आणि तेथील पेशी मरतात. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन बराचसा निघून जातो, फ्लोराइड मात्र जात नाही. पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे. कुंडीच्या आतल्या काठावर क्षारांचा पांढरट थर दिसतो का?

प्रश्नकर्ती: होय, बोटाने खरवडता येईल इतका थर आहे.

उत्तर २: मग एकदा त्याच चांगल्या पाण्याने माती सावकाश धुऊन घ्यावी आणि बशीत उतरलेले पाणी लगेच टाकून द्यावे. सुपरफॉस्फेट खत घालत असाल तर तेही थांबवा, कारण त्यात फ्लोराइडचा अंश असतो. फवारणीचा ओलावा फार वेळ टिकत नाही. ही मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेतील उष्ण, दमट जंगलांच्या तळाशी वाढणारी झाडे असल्याने हवेतील आर्द्रता ५० ते ६० टक्के राहील असे पाहणे अधिक उपयोगाचे. पानांची मागची बाजू भिंगातून अवश्य तपासा, कारण कोरड्या हवेत तेथे कोळी कीड फार लवकर वाढते.

उत्तर ३: मुळेही पाहून घ्या. निरोगी मुळे फिकट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी होऊन बोटांत चिरडतात. रात्री पाने वर उभी राहणे हा या झाडाचा स्वभावच आहे, पण ती दिवसाही गुंडाळलेली राहिली तर मुळांकडून पाणी पोहोचत नाही असे समजावे.

प्रश्नकर्ती: वाळलेल्या कडा कापून टाकू का?

उत्तर १: कापू शकता. मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. मात्र कापताना तपकिरी रंगाची बारीक रेघ राहू द्या, कारण कात्री हिरव्या भागाला लागली तर नवी कड पुन्हा वाळते. फरक पाहायचा तो नव्याने उलगडणाऱ्या पानांत.