न्यूरोडायव्हर्सिटी : मराठीत काय म्हणावं?

चिंचगूळ
आमच्या कंपनीच्या एचआर पत्रकाचं मराठी करतेय. न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे प्रत्येकाचा मेंदू आपापल्या पद्धतीने चालतो ही कल्पना. तिला आतापर्यंत मज्जावैविध्य, चेताविविधता आणि मेंदूवैविध्य असे शब्द भेटले. शॉपफ्लोअरवरही कळायला हवं. काय लिहू?

सदू मुद्रितशोधक
मज्जा नको. मज्जासंस्था, मज्जारज्जू रुळलेत, मान्य. पण अस्थिमज्जाही आहे, आणि फलकावर 'मज्जावैविध्य' वाचून निम्मे लोक सहलीची तारीख विचारतील. चेतासंस्था, चेतापेशी शाळेपासून ओळखीचे आहेत. शिवाय मूळ शब्दच बायोडायव्हर्सिटीच्या वळणाचा. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्युडी सिंगर यांच्या १९९८च्या प्रबंधात तो आहे. जैवविविधता मराठीत मुरलाय, तर त्याच्या शेजारी चेताविविधता.

चिंचगूळ
मग 'आमच्याकडे दोन चेताविविध कर्मचारी आहेत' हे वाक्य चालेल?

सदू मुद्रितशोधक
'तो विविध आहे' असं म्हणून बघा. जीभच अडते. विविध फुलं, विविध मतं. या विशेषणाला अनेकवचन लागतं. इंग्रजीत एकट्या माणसाला सर्रास न्यूरोडायव्हर्स म्हणतात, ती चूक मराठी होऊच देत नाही. विविध असतो तो अख्खा विभाग, त्यात मॅनेजरसाहेबही आले. एकाबद्दल बोलायचं तर नेमकं सांगा : स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक, डिस्लेक्सिया (वाचायला अडचण) असलेली, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं कठीण) असलेला. तेही त्या व्यक्तीला चालत असेल तर.

पंखा_नं_३
मी त्यातलाच, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. 'स्वमग्न' मला पटत नाही. स्वतःत कसला मग्न? मी डोक्यावरच्या पंख्याच्या खरखरीत मग्न असतो! ऑटिस्टिक म्हणा, चालेल. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ साली ऑटिस्टिक लोकांना नोकरीत घ्यायचा कार्यक्रम सुरू केला. बेंगळुरूलाही अशी माणसं टेस्टिंगला घेतली होती. तेव्हापासून आम्ही सगळे चुका शोधणारी यंत्रं आहोत असा समज झालाय. लॉगमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींतली, विसंगती मला चटकन दिसते, खरं आहे. पण माझ्या ओळखीतल्या एकाला दिसत नाही, त्याला नोकरी नको का? पत्रकात फायदे लिहाल तेव्हा 'अद्भुत प्रतिभा' वगैरे कृपया टाळा.

बाकी मला लागतं काय, तर कोपऱ्यातली जागा आणि लेखी सूचना. चहाच्या टपरीवर ठरलेला बदल मेलवर यायला लागल्यापासून टीममध्ये 'मला कुणी सांगितलंच नाही' हे भांडण बंद झालं. म्हणजे फायदा फक्त माझा नाही.

चिंचगूळ
आमच्या मसुद्यात याला 'सवलती' म्हटलंय.

वकीलकाकू
खोडा ते. सवलत म्हणजे मेहेरबानी, देणाऱ्याच्या मर्जीवर. शब्द आला बहुधा शाळेतून, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, त्याला सवलतच म्हणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, आणि 'रीझनेबल अकॉमोडेशन' म्हणजे गरजेप्रमाणे केलेले योग्य बदल, अशी त्यात व्याख्याच आहे. मात्र त्याचा बोजा प्रमाणाबाहेर नसावा. त्याला मी 'वाजवी सोय' लिहीन. सोय पंख्याचीही असते, पाण्याचीही. तिच्यात उपकार नाही.

चिंचगूळ
आणि इन्क्लुजन? समावेशन की सामावून घेणं?

वकीलकाकू
समावेशन शासकीय आहे, पण शीर्षकाला ठीक. 'सामावून घेणं' मला खटकतं : आम्ही आत, तू दारात.

पंखा_नं_३
लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण 'सामावून घ्या' म्हणतो का? 'जरा सरका' म्हणतो. मग बसलेले तिघंही हलतात.

चिंचगूळ
शीर्षक 'चेताविविधता आणि समावेशन', खाली 'वाजवी सोयी'. पहिलं वाक्य 'जरा सरका' ठेवतेय, साहेबांच्या नजरेतून सुटलं तर.