मोबाईलचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, आता काय करू? (जरा लवकर सांगा प्लीज)

खमंग_थालीपीठ
मदत हवीये आणि घाईत आहे. माझ्या मोबाईलचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय आणि कंपनीवाले दिवसाआड फोन करून अपग्रेड घ्या अपग्रेड घ्या म्हणून मागे लागलेत, शनिवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ऑफर जाईल म्हणे. फोन तसा बरा चाललाय, संध्याकाळी बॅटरी मान टाकते एवढंच. नवरा म्हणतो घेऊन टाक, नाहीतरी तेवढंच बिल भरतोय. नंबर मात्र जाता कामा नये, शाळेत, डॉक्टरकडे, बँकेत सगळीकडे तोच दिलाय. काय करू? आणि "यावर आधीच धागा आहे" असं कोणी सांगू नका, बघितला, २०१४ चा आहे.

ठाणेकर_काका
अगदी सोपं आहे. पोर्ट असं लिहून जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० ला एसएमएस करा. यूपीसी म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा कोड येईल, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन दुसऱ्या कंपनीच्या गॅलरीत जायचं. आधी पोस्टपेडचं बिल चुकतं करा, थकबाकी असली तर अर्ज फेटाळतात. नंबर तोच राहतो. मी तीनदा केलंय, तिन्ही वेळा विनासायास.

चकली_मोडली
काका, आपल्याकडे फोनसकट दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट कोण घेतं? ताई, तुम्ही आहात कुठे ते सांगा आधी.

जर्सीची_म्हैस
कुठेही असा, अपग्रेड घेऊ नका. इकडे अमेरिकेत फोन "फुकट" म्हणून गळ्यात मारतात, सूट मात्र ३६ महिने बिलात थोडी थोडी देतात, मधे सोडलं की उरलेली सूट बुडाली आणि फोनचे राहिलेले पैसे अंगावर. मी दोनदा अडकले. आता फोन रोख घ्यायचा आणि स्वस्तातलं प्रीपेड टाकायचं, विषय संपला.

खमंग_थालीपीठ
अहो यूकेत आहे! लेस्टरला. सांगायचं राहिलं. काका सॉरी, तुम्ही एवढं टाइप केलंत.

रेडिंगकर
हे पहिल्या ओळीत असतं तर काकांचं बोट वाचलं असतं. आता सांग, बिल किती येतं, फोन आणि सिम मिळून एकच बिल आहे की दोन वेगळे आकडे दिसतात, आणि "संपलंय" म्हणजे नक्की कधी संपलं?

खमंग_थालीपीठ
एकच बिल, ४६ पौंड. आयफोन १४ आहे. संपून सहाएक महिने झाले असतील. त्याने काय फरक पडतो?

रेडिंगकर
सगळाच फरक त्यानेच पडतो! त्या ४६ मध्ये फोनचा हप्ता धरलेला होता. फोन फिटला सहा महिन्यांपूर्वी आणि तू अजून हप्ता भरतेयस. काही कंपन्या फोन आणि एअरटाइमचे (कॉल-डेटाचे) करार वेगळे ठेवतात, तिथे फोन फिटला की तेवढी रक्कम आपोआप गळते, तुझं एकत्र असल्याने ते चालूच राहिलं. मी नुसत्या सिमचे १० पौंड भरतो. म्हणजे महिन्याला ३६, सहा महिन्यांचे २१६ पौंड गेले. नवऱ्याला सांग, "तेवढंच बिल" हाच तर घोळ आहे.

खमंग_थालीपीठ
२१६??? पण मला कोणी काही कळवलं नाही. हे कायद्यात बसतं का?

लफबरोची_लेक
कळवावं लागतं. फेब्रुवारी २०२० पासून ऑफकॉमचा (इथली टेलिकॉम नियामक संस्था) नियम आहे, करार संपायच्या १० ते ४० दिवस आधी मेसेज, ईमेल किंवा पत्र पाठवून करार कधी संपतो, नंतर किती भरावं लागेल आणि त्यांचे स्वस्त प्लॅन कुठले ते सांगायचं. जंकमध्ये बघ. नसेलच आला तर तक्रार कर, ठरलेल्या मुदतीत निकाल लागला नाही तर लवादाकडे जाता येतं, फुकट असतं.

खमंग_थालीपीठ
सापडला. नवऱ्याच्या ईमेलमध्ये, न वाचलेला. अकाउंट त्याच्या नावावर आहे. हेही सांगायचं राहिलं होतं बहुतेक.

चकली_मोडली
ताई, अजून काही राहिलंय का? फोन तरी तुमचाच आहे ना?

अपग्रेड_आबा
मी उलट बोलणार. घ्या अपग्रेड. पुढच्या फोनांना यूएसबी-सी आलंय, घरभर एक चार्जर पुरतो, कॅमेरा कुठल्या कुठे गेलाय. पैसे काय छातीवर बांधून न्यायचेत?

जुगाडू_इंजिनिअर
आबा, चार्जरसाठी हजार पौंड? बाईंना त्रास फक्त बॅटरीचा आहे. १४ पर्यंतच्या आयफोनची बॅटरी ५०० चार्ज सायकलनंतर ८० टक्क्यांपर्यंत उतरेल असं ॲपल स्वतःच सांगतं, दोन वर्षं रोज चार्ज केला की तो आकडा गाठलाच. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ किती दाखवतंय? बदलून घ्या, माझ्या १३ ची शंभर पौंडांच्या आत झाली, फोन अजून दोन वर्षं पळेल.

अपग्रेड_आबा
माझ्या भाच्याने बदलली आणि स्क्रीन उचकटून आली.

जुगाडू_इंजिनिअर
भाच्याने मार्केटमधल्या टपरीवर केली असेल.

अपग्रेड_आबा
तेही खरंय.

खमंग_थालीपीठ
७९ टक्के दाखवतंय. भांडू नका, नंबरचं कोणीतरी सांगा ना. नवऱ्याच्या नावावर असल्याने मी फोन केला तर माझ्याशी बोलतच नाहीत, आणि तो ऑफिसातून करणार नाही. वैतागून बँकेतून आपोआप बिल कापणारं डायरेक्ट डेबिटच बंद करावंसं वाटतंय.

रेडिंगकर
नको नको नको. डायरेक्ट डेबिट बंद केल्याने करार संपत नाही, बिल येतच राहतं, आणि तो डाग नवऱ्याच्या क्रेडिट फाइलवर पडतो. पुढे घराचं कर्ज घ्यायला गेलात की तेव्हा कळेल. फोन करून "बंद करा" असंही म्हणायचं नाही, नंबर जाईल. त्याच सिमवरून ६५०७५ ला पीएसी ही तीन अक्षरं इंग्रजीत एसएमएस कर, मिनिटभरात कोड येतो, मधे सोडल्याचा दंड लागणार असेल तर तोही त्यातच लिहितात, तुझा लागायला नको. नवी सिम आणायची, नव्या कंपनीला कोड द्यायचा, पुढच्या कामाच्या दिवशी नंबर तिकडे जातो आणि जुनं आपोआप बंद होतं. कोड ३० दिवस चालतो. कोणाशी बोलायला लागत नाही, नवऱ्याशीसुद्धा.

लफबरोची_लेक
आणि ७५०७५ ला चुकूनही नाही! तो स्टॅकचा नंबर, त्याने नंबर न ठेवता सोडता येतं. आकडे सारखे दिसतात, माझ्या मैत्रिणीने रात्री झोपेत तेच केलं होतं.

पुलाव_नव्हे_बिर्याणी
सिम लेबाराची घे. भारतात फोनची मिनिटं मिळतात, आणि काही प्लॅनमध्ये भारतात गेल्यावर रोमिंगही.

जुगाडू_इंजिनिअर
आधी रेंज बघा हो. लेबारा व्होडाफोनवर चालतं, गिफगॅफ ओटूवर, स्मार्टी थ्रीवर, लायका ईईवर. नाव काहीही असो, टॉवर मोठ्या कंपन्यांचेच. ऑफकॉमच्या साइटवर पोस्टकोड टाका, घरात कुठलं येतं ते दिसेल. व्हिक्टोरियन जाड भिंतींच्या घरात वायफाय कॉलिंग देणारंच घ्या, सगळे देत नाहीत.

पुलाव_नव्हे_बिर्याणी
आमच्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला सगळ्यांची येते.

जुगाडू_इंजिनिअर
तुमच्या बेलग्रेव्ह रोडला समोसेही येतात, सगळ्यांचं तसं नसतं.

ठाणेकर_काका
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण आमच्या वेळी लँडलाइनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचो. शेजारच्या देशपांड्यांकडे होता, बाबांचा ट्रंक कॉल आला की त्यांच्या काकू खिडकीतून हाक मारायच्या आणि अख्खी चाळ बातमी ऐकायला गोळा व्हायची. आता तुमच्या खिशात फोन आहे आणि तो कोणाला द्यायचा याचं टेन्शन!

जर्सीची_म्हैस
काका +१. थालीपीठ, भारतातलं सिम चालू आहे ना? बँकेचे ओटीपी त्यावर येतात, रिचार्ज संपला की माझ्यासारखी बोंब होईल. आईला सांगून वर्षाचं एकदम मारून ठेव, आता नुसत्या कॉल-एसएमएसचे वर्षभराचे पॅकही मिळतात.

खमंग_थालीपीठ
हे मी विचारलंच नव्हतं, पण आईला फोन केला. गेल्या आठवड्यात संपलंय. थँक्यू.

लफबरोची_लेक
जाता जाता, कधी नवीन करार केलाच तर दर एप्रिलला किती वाढणार ते आधी वाच. पूर्वी महागाई दर अधिक ३.९ टक्के असली कोडी घालायचे, १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारात वाढ पौंड-पेन्समध्ये लिहावीच लागते. दोन वर्षांची बेरीज करून मग सही.

खमंग_थालीपीठ
अपडेट. बसमध्ये बसून पीएसी पाठवला, स्टॉप यायच्या आत कोड आला, दंड शून्य. लगेच कंपनीचा फोन, तोच फोन आणि तेवढाच डेटा ठेवून १२ पौंडांत देतो म्हणाले. मग सहा महिने का नाही दिलंत विचारलं तर म्हणे अकाउंट होल्डरशी बोलावं लागेल. ठेवून दिला. उद्या ९ पौंडांची सिम येतेय, शनिवारी बॅटरी. नवऱ्याला २१६ चा आकडा अजून सांगितलेला नाही, जेवण झाल्यावर सांगेन.

चकली_मोडली
जेवणाआधी सांगा, पुढचा धागा वाचायला आवडेल.

ठाणेकर_काका
उत्तम. मग यूपीसी चार दिवसांच्या आत वापरा.