झटका कुठला, शॉक कुठला
एईडी म्हणजे ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर, कोसळलेल्या माणसाच्या छातीला लावून गरज असेल तर विजेचा शॉक देणारं मशीन. त्याला मराठीत 'बंद हृदय सुरू करणारं यंत्र' म्हणावं अशी एक सूचना आलीय, पण मला ती पटत नाही, कारण हे मशीन बंद पडलेलं हृदय सुरू करतच नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू नुसते थरथरत असतात, ताळमेळ नसतो म्हणून रक्त पुढे जातच नाही, तर शॉक देऊन ती थरथर थांबवायची आणि मग हृदयाचा स्वतःचा पेसमेकर (ठोक्यांची लय ठरवणारा भाग) म्हणजे एसए नोड परत ताबा घेईल अशी संधी द्यायची. म्हणून डी-फिब्रिलेटर, म्हणजे फिब्रिलेशन (थरथर) घालवणारा. ईसीजीवर सरळ रेघ असेल, म्हणजे असिस्टोल, तर एईडी शॉक द्यायला सांगत नाही, सिनेमात दाखवतात ते चूक आहे.

आपल्याकडे खरा घोळ 'झटका' या शब्दाचा आहे, हार्ट अटॅकलाही झटका आणि शॉकलाही झटका! अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा, माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, बोलतो. कार्डिअॅक अरेस्टमध्ये हृदयाचं रक्त पुढे ढकलणंच अचानक थांबतं, माणूस कोसळतो, हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो पण दोन्ही एक नाहीत, आणि एईडी अरेस्टसाठी असतो.

अजून एक, मशीन 'शॉकची गरज नाही' म्हणालं म्हणजे पेशंट ठीक आहे असा अर्थ कृपया काढू नका. श्वास नसेल तर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा प्रथमोपचार) लगेच चालू करायचा, मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंमी दबली पाहिजे.