बीडकडचं ऊसतोडीचं कुटुंब आमच्या गावातच राहिलंय, शाळा रेशन मतदान कसं करायचं?

शिवारातला_खानापूर
नमस्कार मंडळी, जरा माहिती पाहिजे होती. दोन वर्षांमागं ऊसतोडीला आलेल्या टोळीतलं एक जोडपं परत गेलंच नाही, आमच्या शेतातल्या खोलीत राहायलंय. तो बेळगावच्या उद्यमबागला एका फौंड्रीत ठेकेदाराकडं जातो, ती आमच्यातच भांगलणीला येते. माणसं कष्टाळू आहेत ओ, पण कागद म्हटला की गप्प बसतात. थोरली पोरगी नऊ वर्षांची, धाकट्याला काखेत घेऊन बांधावर बसून असते. परवा तिला आमच्या पोराचं जुनं पुस्तक दिलं तर उलटं धरून चित्रं बघत होती, मला रात्रभर झोप नाही. शाळेत घेऊन गेलो तर 'दाखला आणा' म्हणाले. रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडं, आणि तेचं आधारकार्ड मुकादमानं ठेवून घेतलंय, उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे फिटले नाहीत म्हणून. कुठनं सुरुवात करू?

मास्तरीणबाई
आधी पोरगी. बाकी सगळं महिनाभर थांबेल, ती थांबायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या पोराला दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तिच्या वयाच्या वर्गातच बसवायचं आणि राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, हे पण त्यातच आहे. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका, अर्ज लिहून द्या, पोच घ्या, तरी नाही झालं तर बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिस. आपल्याकडच्या मराठी शाळांत पट नाही म्हणून आपणच रडतो, आणि दारात आलेलं लेकरू परत पाठवायचं? मला फार वाईट वाटलं वाचून.

कॅम्पातला
राग मानू नका, पण आपल्याच पोरांना उद्यमबागेत काम मिळेना. बाहेरचे कमी पगारात राबायला तयार होतात म्हणून ठेकेदारांचं फावतंय. तेंची नावं मतदार यादीत पण घालायची म्हणजे...

आजोबा_निपाणी
बाळ, तुझं दुखणं खोटं नाही. पण तो कमी पगारात राबतो कारण तेच्या हातात कागद नाही. तेला पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार विमा) लागू झालं तर ठेकेदाराला तू काय नि तो काय, सारखेच पडणार. आणि 'बाहेरचे' हा शब्द जपून वापर. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही घरातनं हललो सुद्धा नाही, राज्य बदललं, मुंबई राज्यातनं म्हैसुरात म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलो. तवापासनं उताऱ्यावर कन्नडात काय लिहिलंय ते दुसऱ्याकडनं वाचून घ्यायलोय. माझ्या आईचे पेन्शनचे फॉर्म शेजारच्या कन्नड बाई भरून द्यायच्या, चहा पण घ्यायच्या नाहीत. ते मी विसरलो नाही.

आता मतदानाचं. यादीत नाव यायला स्वतःचं घर लागत नाही, तिथं नेहमी राहत असला म्हणजे झालं. गावाकडं नाव असेल तर फॉर्म ८ भरायचा, म्हणजे तिकडचं कमी होऊन इकडं येतं. दोन्हीकडं नाव ठेवू नका, ते कायद्यात चालत नाही. कुठंच नाव नसेल तर फॉर्म ६. पत्त्याचा कागद नसला तर बीएलओनं (मतदार यादीचं काम बघणारा माणूस) स्वतः येऊन बघायचं असतं, तेव्हा तुम्ही हजर राहा. नळाचं पाणी, रस्त्यावरची लाईट मागायला तेंना पण तोंड मिळू दे. अडलं तर १९५० या मतदारांच्या हेल्पलाईनला फोन लावा.

रेशनला नवीन कार्ड काढायची गरजच नाही. महाराष्ट्राचं कार्ड केंद्राच्या धान्य योजनेतलं असेल आणि आधार जोडलेलं असेल तर अंगठा देऊन आपल्या गावच्या दुकानात तेच धान्य मिळतं. म्हातारी माणसं तिकडं असली तर ती आपला वाटा तिकडं उचलू शकतात. कर्नाटक आपल्या कार्डांना जे वरचं देतं ते मात्र मिळणार नाही.

भट्टीवाला
मी स्वतः फौंड्रीत १४ वर्षं काढलीत. तेला विचारा यूएएन म्हणजे पीएफ खात्याचा नंबर आहे का, बहुतेकांना ठाऊकच नसतं. २० कामगार असले की पीएफ, १० असले की ईएसआय, पगार २१,००० पर्यंत. ठेकेदारानं भरलं नाही तर कारखानदाराच्या गळ्यात येतं, म्हणून हजेरीचा आणि गेटपासचा फोटो मोबाईलवर काढून ठेवू दे, हे रोज, न चुकता. माझ्याबरोबरच्या एकाचा हात भाजला तेव्हा तो इथं कामाला होता हेच कागदावर दिसेना, तेच्या बायकोनं दोन महिने खेपा घातल्या.

मुकादमाचं ऐकून घेऊ नका. उचलीपायी माणूस अडकवणं हे १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्यात बसतं, तहसीलदार नाहीतर डीसींकडं (जिल्हाधिकारी) लेखी द्या. कोर्टातल्या कायदा सेवा समितीत वकील फुकट मिळतो, १५१०० नंबर. आणि आधार सेंटरला अंगठा देऊन नवी प्रिंट निघते, त्या कार्डासाठी मुकादमाच्या पाया पडायची गरज नाही.

शिवारातला_खानापूर
सगळ्यांचे लई आभार. आज अर्ज घेऊन शाळेत गेलो, पोच मागितल्यावर लगेच नाव घातलं. पोरगी दप्तर घेऊनच झोपलीय. तो म्हणतो मुकादमावर तक्रार नको, गावात भाऊ आहे, तेला त्रास देतील. त्याची भीती मला पटते, म्हणून आधी आधारची प्रिंट काढतो आणि खानापूर कोर्टात नुसतं विचारून येतो. भट्टीवाले दादा, सोमवारी सुट्टी असेल तर बरोबर याल का? तुमच्याशी तो मोकळं बोलेल.

भट्टीवाला
येतो की. १० ला कोर्टाच्या गेटवर.